ऑप्शनला टाकलेलं प्रकरण

यंत्राला शहाणं करायचं असेल तर आधी त्याच्याशी अदबीनं बोललं पाहिजे, असं मनापासून मानणारा एकच माणूस आमच्या धाराशिव जिल्ह्यात होऊन गेला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. सुनेचे वडील. राहणार अणदूर. सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून केलेली. बैलाचा खूर धुवावा, म्हशीला पाजायच्या औषधाची नळी धरावी, शेळ्यांना टोचावं, असं ते काम. निवृत्तीनंतरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जनावरांचं थर्मामीटर असायचं आणि पेन म्हणून चुकून तेच बाहेर यायचं. माझ्या मुलाच्या लग्नात याद्यांवर सही करताना त्यांनी आधी थर्मामीटर कागदावर टेकवलं होतं आणि मग घाईघाईनं ते झटकून परत खिशात ठेवलं होतं. आमच्याकडच्या मंडळींनी ती गोष्ट वर्षभर पुरवली. अशा माणसानं वयाच्या पासष्टीनंतर संगणकाचं सगळ्यात अवघड शास्त्र शिकायला घ्यावं, तेही इंग्रजी पुस्तकांतून, आणि इंग्रजी शिकवायला मी भेटावा, हा त्यांच्या नशिबाचा भाग. त्यात माझा भाग काय होता ते आजवर मी कुणाला खरं सांगितलेलं नाही. ते आता सांगतो.

मी मुरुमचा. हायस्कूलमध्ये अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलाचं गावातच संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याची कॉलेजातली जाडजूड पुस्तकं माळ्यावर पडून होती. एकदा मी ती रद्दीवाल्याला द्यायला काढली. त्यानं काटा धरला, पुस्तकं पारड्यात पडली, आणि तेवढ्यात लेकीला भेटायला आलेले व्याही दारात उभे राहिले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, आणि पारड्यातली पुस्तकं एकेक करून उचलून छातीशी धरली. "पाव्हणं, ग्रंथ काट्यावर घालत न्हाईत," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "अहो, ग्रंथ कसले? प्रोग्रॅमिंगची पुस्तकं आहेत ती. यंत्राला बुद्धी कशी द्यायची वगैरे." त्यावर त्यांचे डोळे असे काही चमकले की रद्दीवालासुद्धा काटा गुंडाळून मुकाट्यानं बसला. "यंत्राला बुद्धी?" ते म्हणाले. "आमी आयुष्यभर जनावराला औषध दिलं, माणसाला सल्ला दिला. बुद्धी कुणालाच देता आली न्हाय. हे बघाय पायजे." आणि पाच पुस्तकं पोत्यात घालून, पोतं मांडीवर घेऊन, ते गाडीनं अणदूरला गेले.

ती पुस्तकं त्यांनी वाचली नाहीत, लावली. श्रावणात गावोगाव पोथी लावतात तशी. पहाटे आंघोळ करून चौरंगावर पुस्तक ठेवायचं, लाल कापड सोडायचं, शेळीच्या लसीकरणाचं कार्ड खूण म्हणून ठेवलेलं असायचं ते काढायचं, आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात. इंग्रजी असलं तरी चाल पोथीचीच. शेवटचा शब्द लांबवायचा आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. गणिताचं मोठं सूत्र आलं की हात जोडून म्हणायचे, "आज कळलं न्हाय, उद्या पुन्हा येतो," आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच त्याच पानावर परत यायचे. यंत्राची चूक उतारावरून खाली आणावी तशी थोडी थोडी कमी कशी करायची, त्या एका सूत्रापाशी ते असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी ते कळलं तेव्हा शेजारच्या चार घरी गूळ-खोबरं वाटलं. शेजारणीनं विचारलं, "काय झालं वो अण्णा, शेळी व्याली का?" तर म्हणाले, "न्हाय बाय. उतार सापडला." कुठला उतार, कुणाचा उतार, ते त्या बाईला आजतागायत कळलेलं नाही. पण गूळ चांगला होता, असं ती सांगते.

पहिलं वर्षभर त्यांच्याकडं संगणकच नव्हता. त्यामुळं त्यांचं काही अडलं नाही. प्रोग्रॅम ते वहीत लिहायचे आणि ओसरीवर चालवायचे. जमिनीवर खडूनं चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनाला नाव द्यायचे आणि त्यात चिंचोके ठेवायचे. ही संगणकाची स्मरणशक्ती. मग वहीतली एकेक ओळ वाचत चिंचोके या चौकोनातून त्या चौकोनात न्यायचे. तास-दोन तास हा खेळ चालायचा. एकदा शेवटच्या ओळीला आले असताना एक करडू सुटून आलं आणि तीन चौकोनांतले चिंचोके चाटून गेलं. दुसरा कुणी असता तर काठी घेतली असती. हे मला म्हणाले, "बरं झालं मास्तर. म्या लिव्हताना इचारच केला न्हवता, मधीच कुणी हिशेब खाल्ला तर काय करायचं. आता तीबी ओळ घातली." प्रोग्रॅमातला एखादा तुकडा नाव देऊन बाजूला ठेवतात आणि लागेल तेव्हा त्याला बोलावतात, हे माझ्या मुलानं त्यांना अर्धा तास समजावलं. व्याह्यांनी ते पारावरच्या माणसांना एका दमात सांगितलं. "सांगून ठेवलेला गडी असतोय तो. हाक मारली की येतो, काम करतो, झालेलं हातात ठेवून जातो. फक्त नाव चुकवायचं न्हाय, दुसऱ्याच्या नावानं गडी उठत नसतो."

पुढं मुलानं दुकानातला एक जुना लॅपटॉप त्यांना दिला. त्याला ते 'तुम्ही' म्हणायचे. प्रोग्रॅमात माणसाला वाचण्यासाठी म्हणून एखादी ओळ लिहिता येते. यंत्र ती ओळ सोडून देतं. व्याह्यांना ही सोय कळली आणि जन्मभर दवाखान्यात वरिष्ठांना अर्ज लिहिलेला त्यांचा हात मोकळा सुटला. त्यांचा प्रत्येक प्रोग्रॅम सुरू व्हायचा तो 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की' असा. मध्येच 'इथं जरा दमानं घ्यावं', आणि शेवटी 'कष्टाबद्दल क्षमस्व'. मुलगा हसून म्हणाला, "अहो मामा, मशीन हे वाचतच नाही!" हे शांतपणे म्हणाले, "त्यांनी वाचलं न्हाय म्हणून आपण बोलायचं सोडायचं का?" प्रोग्रॅम बिनचूक चालला की 'येळकोट येळकोट' म्हणून चिमूटभर भंडारा लॅपटॉपवर उधळायचे. तो सहा महिन्यांनी दुरुस्तीला आला तेव्हा मुलानं बटणं उपसली, तर खाली हळदीचा थर. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून त्यानं तो दाखवला.

माझ्याकडं ते दर रविवारी यायचे. रविवार खंडोबाचा वार. पहाटे देवदर्शन करून, कपाळाला भंडारा लावून, गाडीनं येणेगूरपर्यंत आणि तिथून दुसऱ्या गाडीनं मुरुमला. मी एकदा म्हटलं, "पाव्हणं, या वयात दर आठवड्याला इतकी दगदग?" तर म्हणाले, "आमचा देवसुद्धा दरसाल अणदूर सोडून नळदुर्गला ऱ्हायला जातो आन् परत येतो. मला मुरुमचं काय जड हाय?" येताना आठवडाभरात अडलेली वाक्यं एका वहीत उतरवून आणायचे आणि जेवणं झाली की माझ्यासमोर सतरंजीवर बसायचे. मी खुर्चीत. मी कितीदा म्हटलं तरी खुर्चीवर बसले नाहीत. एक तर मी मास्तर, आणि दुसरं म्हणजे मी मुलाचा बाप आणि ते मुलीचे. ही दुसरी गोष्ट त्यांनी कधी तोंडानं काढली नाही. ती काढावी लागत नाही.

आता माझ्याविषयी. मुरुममध्ये माझं नाव आहे ते निकालासाठी. माझ्या वर्गातली मुलं इंग्रजीत नापास होत नसत. त्याचं रहस्य असं की मी वर्षाच्या सुरुवातीला महत्त्वाचे वीस प्रश्न फळ्यावर लिहून द्यायचो, त्यांची उत्तरं पाठ करून घ्यायचो, आणि चाचणीला त्यातलेच दहा विचारायचो. अवघड प्रकरण आलं की म्हणायचो, "हे ऑप्शनला टाका." पालक खूश, हेडमास्तर खूश, मी खूश. व्याह्यांच्या पुस्तकांतली निम्मी वाक्यं मला कळत नव्हती, हे मात्र मी त्यांना कधी कळू दिलं नाही. शब्दांचे अर्थ येत होते, त्यामागची गोष्ट येत नव्हती. अशा वेळी मी डोळे मिटून मान डोलवायचो आणि काहीतरी ठोकून द्यायचो. सतरंजीवरचा विद्यार्थी ते वहीत उतरवून घ्यायचा.

एका रविवारी त्यांनी एक प्रकरण आणलं. त्या सुमाराला त्यांच्या मनात एक मोठं काम भरलं होतं. नोकरीत असताना त्यांनी गावोगावच्या शेळ्यांची टिपणं ठेवली होती, चांगल्या अठरा वह्या. शेळीचा रंग, कानाची लांबी, दात, कितव्यांदा गाभण, चारा कोणता, आईला जुळी व्हायची का, आणि शेवटी एक करडू झालं की दोन की तीन. हे सगळं यंत्राला दाखवायचं आणि गाभण शेळी समोर आली की तिला किती करडं होणार ते यंत्रानं सांगायचं, असा बेत. बाईमाणसांनी कोणती शेळी ठेवायची, कोणती विकायची, ते या एका उत्तरावर ठरतं, म्हणून ते हे करत होते. प्रकरण दाखवत ते म्हणाले, "मास्तर, ह्यात असं लिव्हलंय वाटतं की काही शेळ्या बाजूला काढून ठेवा, यंत्राला दाखवूच नका. असं का आसंल?"

दुपारची वेळ होती. पुरणपोळी झाली होती. मी पान चाळलं, दोन वाक्यं वाचली, आणि मला काही कळलं नाही. "छे! ज्याला शिकवायचं त्याच्यापासून लपवायचं कशाला?" मी म्हटलं. "सगळं दाखवा, आणि दाखवलेलंच विचारा. मी अडतीस वर्षं हेच केलं. हे प्रकरण ऑप्शनला टाका."

"टाकू?" त्यांनी विचारलं.

"बेलाशक टाका."

त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुस्तकाच्या त्या पानांना नमस्कार करून ती एकदम उलटली.

पुढच्या दोन महिन्यांत अठराच्या अठरा वह्या यंत्रात गेल्या. मग व्याही त्यातलीच एखादी शेळी विचारायचे आणि यंत्र बिनचूक सांगायचं. नळदुर्गची काळी? दोन. जळकोटची कबरी? एक. शंभरपैकी शंभर! मी स्वतः अणदूरला जाऊन पाहिलं आणि माझ्या सगळ्या वर्गांचे निकाल मला आठवले. छाती भरून आली. व्याह्यांनी लॅपटॉपवर इतका भंडारा टाकला की पडदा दिसेना. मग एका रविवारी त्यांच्या अंगणात खऱ्या गाभण शेळ्या आल्या. अकरा. बायका दोऱ्या धरून रांगेत उभ्या. यंत्रानं अकराही उत्तरं ठणठणीत दिली. त्यात भामाबाई होती. एकटी बाई, एकच शेळी. तिच्या शेळीला यंत्र म्हणालं, एक. भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं, शेळीकडं पाहिलं, आणि पुढच्या बाजारात तिला विकून टाकली.

परीक्षा आम्ही घेतली होती, निकाल शेळ्यांनी लावला. अकरापैकी सात उत्तरं चुकली. भामाबाईची शेळी ज्या घरी गेली तिथं तिला तीन करडं झाली, तिन्ही धडधाकट. भामाबाई व्याह्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. "आण्णा," ती म्हणाली, "तुमच्या डब्याला इचारण्यापरीस माझ्या शेळीलाच इचारलं असतं, तर तिनं खरं सांगितलं असतं." व्याही आत गेले, गोठ्यातली आपली सगळ्यात चांगली शेळी सोडली आणि दोरी तिच्या हातात दिली. मग त्यांनी पुस्तकं लाल कापडात बांधली.

महिन्याभरानं सूनबाईचं डोहाळजेवण होतं, आमच्या घरी. मुरुमची, अणदूरची, दोन्हीकडची माणसं. पंगत बसली आणि कुणीतरी सुरुवात केलीच, "काय व्याही, लेकीला एक का दोन, इचारलं का डब्याला?" हशा झाला. दुसरा म्हणाला, "डब्याला कशापायी इचारता, तीन झाल्यावर कळंलच!" पुन्हा हशा. व्याही पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत वाढत होते, तेही हसले. मग माझ्या शेजारच्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "पण मास्तर, त्यांना तर तुम्ही शिकवत होता म्हणं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. अडतीस वर्षांचा निकाल माझ्यासमोर ताटात होता. मी म्हणालो, "मी त्यांना हजारदा बजावलं होतं, ते प्रकरण गाळू नका म्हणून. ऐकतील तर ना!"

व्याही माझ्या पुढ्यातच उभे होते. त्यांनी माझं फुलपात्र भरलं. काठोकाठ भरलं आणि एक थेंब सांडला नाही. "खरं हाय मास्तरांचं," ते म्हणाले. "माझंच चुकलं." आणि पुढच्या माणसाला पाणी वाढायला गेले. मुलीच्या बापानं मुलीच्या सासऱ्याला भर पंगतीत खोटं कसं पाडायचं? समोर पाटावर, फुलांचे दागिने घालून, सूनबाई बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर रविवार ओसाड झाले. नात झाली, बारसं झालं. व्याही आले, बाळाच्या हातात कडं घातलं आणि संध्याकाळच्या आत परत गेले. दर रविवारी जेवण झालं की मी खुर्चीत बसायचो आणि रिकाम्या सतरंजीकडं बघत डोळा लागायची वाट पाहायचो. जाऊन खरं सांगावं असं रोज वाटायचं. अणदूर काही लांब नाही.

पाच-सहा महिन्यांनी ते आपणहून आले. तेच पोतं, तोच भंडारा. सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, आपलं एक प्रकरण वाचायचं ऱ्हाऊन गेलं होतं बघा." 'आपलं' म्हणाले. डिक्शनरी घेऊन, एकेक शब्द लावत, त्यांनी ते एकट्यानं वाचलं होतं. "लई गंमत हाय त्यात. दाखवलेली शेळी सांगणं म्हंजे पाठांतर, शिकणं न्हवं. यंत्रानं माझ्या वह्या घोकल्या. शेळी त्याला कळलीच न्हवती. कळली का न्हाय ते बघायचं तर कधी न दाखवलेली शेळी पुढं करावी लागती." मला ते त्या क्षणी लख्ख कळलं. माझ्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं डोळ्यांपुढून गेली. शंभरातले नव्वद मिळवलेली आणि पुढं कॉलेजात इंग्रजीचं पान समोर आलं की घाम फुटणारी.

मग त्यांनी पोत्यातून एक वही काढली. लाल कापडात बांधलेली, वर दोऱ्याच्या तीन गाठी. त्या पाच-सहा महिन्यांत पायी हिंडून त्यांनी नव्या शेळ्यांची टिपणं घेतली होती, व्यालेल्या शेळ्यांच्या उत्तरांसकट. "ही तुमच्याकडं ठेवा. माझ्या घरात ऱ्हायली की माझा हात वळवळतो, वाटतं एखादी दाखवावी यंत्राला. यंत्र नव्यानं शिकून तयार झालं की मागून नेईन. तुमी मास्तर. पेपर संभाळायची तुमाला सवय."

टोमणा होता का? मी खूप वेळा विचार केला. त्यांच्या तोंडावर तरी काही नव्हतं. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. शब्द अगदी तोंडाशी आले होते, आणि मी म्हणालो, "चहा घेता ना?"

वही मागायला ते आले नाहीत. त्या थंडीत दोन दिवसांच्या आजारानं गेले. अणदूरला त्यांना पोचवायला गेलो तेव्हा गर्दीत मागं भामाबाई उभी होती, दोरी धरून, शेळीसकट.

चौदा दिवस झाल्यावर सूनबाई माहेराहून पुस्तकं आणि लॅपटॉप घेऊन आली. मी तिला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. "ते प्रकरण तुझ्या वडलांनी गाळलं नव्हतं. मी ऑप्शनला टाकायला लावलं होतं."

"माहीत हाय मामा," ती म्हणाली. "अण्णांनी त्याच रविवारी, गाडीला जाताना सांगितलं होतं मला."

"मग पंगतीत बोलली का नाहीस?"

"अण्णांनीच डोळ्यानं दटावलं. नंतर म्हणले, मास्तरांचं मुरुमात नाव हाय, ते ऱ्हाऊ दे. आपलं काय, आपल्याला शेळ्या वळखत्यात."

ती उठून चहा टाकायला गेली. नेहमीसारखा, साखर कमी.

तर मुरुमच्या आणि अणदूरच्या मंडळींनी, त्या पंगतीत हसलेल्या सगळ्यांनी, आणि मी पास केलेल्या मुलांनीही ऐकावं. चूक माझी होती. व्याह्यांना शास्त्र कळलं होतं, शिकवणाऱ्याला कळलं नव्हतं. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि रविवारी जेवणानंतर झोपत नाही. सतरंजीवर बसतो आणि त्यांचंच पुस्तक पहिल्या पानापासून लावलं आहे. न कळलेल्या सूत्राला हात जोडतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. त्यांचं यंत्र शिकवून पुरं करायचं, मग वहीच्या गाठी सोडायच्या, असं ठरवलं आहे. एक ना एक दिवस ते होईल, मला शंका नाही. तोवर वही कपाटात आहे. माझ्या हातून न फुटलेला हा पहिलाच पेपर.

परवा त्यांचा शेवटचा, अर्धवट प्रोग्रॅम उघडला. बटणांच्या फटीत हळद अजून आहे, बोटांना लागते. वरच्या ओळी नेहमीच्याच होत्या. 'महोदय, मागील खेपेस सर्व शेळ्या आपणांस आधीच दाखविल्या, ही माझी चूक झाली. तरी क्षमा व्हावी.'  मी एक-एक बटण शोधत 'माझी' खोडलं आणि तिथं 'मास्तरांची' लिहिलं. यंत्र ती ओळ वाचत नाही, एवढं मला आता कळतं. मी ती मोठ्यानं वाचली, पोथीच्या चालीवर, शेवटचा शब्द लांबवून.